माझी शुगर गेली नव्हती

परतूरमध्ये माझा चेहरा फार लोकांना माहीत नाही, पण माझा आवाज न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. साड्यांचा सेल, नवीन हॉटेल, दातांचं शिबिर, हरवलेली म्हैस, जे काही रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरतं, त्यातलं बरंचसं माझ्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड होतं. दाराच्या फटीला गोधडी लावायची, पंखा बंद करायचा, आणि घामाघूम होत ओरडायचं, "माता-भगिनींनो, शेवटचे दोन दिवस!" एका दुकानाचे हे शेवटचे दोन दिवस दसऱ्याला सुरू झाले ते संक्रांतीपर्यंत पुरले. मी दर आठवड्याला ते नव्या उत्साहानं रेकॉर्ड करत होतो.

आता असल्या माणसानं खरं बोलण्याविषयी लिहायचं म्हणजे गंमतच आहे. पण आमच्या चर्चच्या तरुण संघाची पोरंपोरी मागच्या महिन्यात घरी येऊन बसली. म्हणाली, "अंकल, त्या वर्षी नेमकं काय झालं? आमच्या घरात प्रत्येकजण वेगळं सांगतो. आमच्या अंकात लिहा." मी मावशीची परवानगी मागितली. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव टाकशील तर बघ." तिचं टाकायचं नाही म्हणून मग कुणाचंच टाकत नाही. नावं नसली की परतूरमध्ये कुणाला काही कळणार नाही, असं तिला मनापासून वाटतं.

मावशी म्हणजे माझ्या मित्राची आई. मित्र आणि मी शाळेपासूनचे. तो मोटारींचं वायंडिंग करतो, विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्याच्याकडं आणतात. रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवतो. माझी बायको वारली, मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा मावशीनं फर्मान काढलं की दर गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याकडं जेवायचं. मी जेवायचो आणि त्या बदल्यात गावातल्या नकला करून दाखवायचो. पाळकसाहेबांची नक्कल केली की ती तोंडावर पदर घेऊन हसायची आणि हसून झालं की म्हणायची, "पाप लागंल मेल्या."

मावशीला आणि मला दोघांनाही शुगर. मी गोळ्यांवर, ती इन्सुलिनच्या सुईवर.

त्या वर्षी नाताळच्या महिनाभर आधी जिनिंगमागच्या मैदानावर सुवार्ता सभा झाली. बाहेरगावचे प्रचारक आले होते. मंडप मोठा, पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, आणि सरकी-कापसाचा वास सगळीकडं. माईकची व्यवस्था माझ्याकडं होती, त्यामुळं मी पुढंच होतो. शेवटच्या दिवशी प्रचारकांनी हाक दिली, "शुगरवाल्यांनी पुढं यावं." मी गेलो. का नाही जायचं? रोज बोट टोचून घेणाऱ्या माणसाला विचारा.

प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. आणि मी रडायला लागलो. थोडंथोडकं नाही, खांदे हलेपर्यंत. माझ्या डोक्यावर कुणीतरी हात ठेवल्याला किती काळ झाला होता, ते त्या क्षणापर्यंत मला माहीतच नव्हतं. बायको गेल्यापासून न्हावी सोडला तर कुणी नाही. तो हात जड होता, गरम होता, आणि तो उचलू नये असं वाटत होतं.

मंडपानं माझं रडणं बघितलं आणि एकच जयजयकार झाला. आमच्याकडं असंच असतं. प्रार्थनेत माणूस हसला तर आत्म्याचा आनंद, पडला तर आत्म्याचा स्पर्श, आणि रडला तर काम झालं. प्रचारक माईकवर म्हणाले, "या भावाला आज सुटका मिळाली!" माझाच माईक, मीच आवाज वाढवून ठेवलेला. रेल्वे स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल.

सोमवारी सकाळी उपाशीपोटी मी बोट टोचलं. यंत्रावर नेहमीचाच आकडा आला, दोनशेच्या पुढचा. मी जरा वेळ त्याच्याकडं बघितलं, गोळी घेतली आणि कामाला लागलो. वाईट वाटलं, पण फार नाही. त्या हाताची ऊब अजून होती.

गुरुवारी मावशीकडं गेलो तर ताटात जिलबी. माझ्याही आणि तिच्याही.

"मावशी, हे काय? सुई घेतलीस ना?"

"टाकली सुई."

"टाकली म्हणजे?"

"म्हंजी टाकली. तुझी शुगर गेली तर माझी का जाणार न्हाई? देव काय एकट्या भोंगेवाल्याचा हाय का?"

"माझी नाही गेली, मावशी. सोमवारी बघितली मी."

तिनं जिलबी खाली ठेवली. "कुणी सांगितलं बघायला?"

"बघावी तर लागते ना."

"देवानं दिलं आन तू मोजून राह्यला? विश्वास कच्चा तुझा. म्हणून परत आली असंल."

"परत नाही आली, ती गेलीच नव्हती."

"जेव गुमान," ती म्हणाली. त्या दिवशी नक्कल झाली नाही.

मी मित्राच्या दुकानात गेलो. तो तांब्याच्या तारांच्या ढिगात बसला होता. त्यालाही सगळं माहीत होतं. आईला त्यानं सांगून बघितलं होतं, भांडून बघितलं होतं.

"काय म्हणती माहितीये का?" तो म्हणाला. "म्हणती, तुझा मित्र मंडपात ढसाढसा रडला तो काय कांदे कापत होता का? आन एकटी तीच न्हाई. पलीकडच्या गल्लीतल्या दोघींनी बीपीच्या गोळ्या बंद केल्या. तुझं बघून."

"रविवारी साक्षीच्या वेळेला मी उभा राहतो. सांगून टाकतो."

त्याचा हात थांबला. "चर्चमधी? पागल झाला काय? घरी जाऊन एकेकीला सांग. दारं लावून सांग."

"तुझ्या आईला दार लावूनच सांगितलं होतं."

"तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलंय, माझी सुई सुटली म्हणून. तू तिथं उभं राहून बोलला की सगळी मंडळी तिच्याकडं बघंल. माझ्या आईची इज्जत जाईल ना बे."

"आणि शुगरनं पाय गेला तर?"

तो तार गुंडाळत राहिला.

पाळकसाहेबांना आधी सांगावं म्हणून शनिवारी गेलो. भला माणूस. त्यांनी चहा दिला, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाले, "साक्ष द्याच तुम्ही. फक्त एवढं म्हणा, प्रभू माझ्यात काम करत आहे. खोटं तर नाही ना त्यात?" खोटं नव्हतं. शेवटचे दोन दिवस हेसुद्धा तसं खोटं नसतं, शेवटचे दोन दिवस कधीतरी येतातच. मी चहा संपवला आणि निघालो.

आमच्याकडं साक्षीची एक रीत आहे. गाणी झाली की पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मग तो माणूस पुढं येतो, प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम म्हणतो, आजार सांगतो, प्रार्थना सांगतो, बरं झाल्याचं सांगतो, आणि सगळे आमेन म्हणतात. गेली कित्येक वर्षं मी तिथं बसून आमेन म्हणत आलो होतो. बरं न झाल्याची साक्ष मात्र कधी ऐकली नव्हती. तिला चाल कोणती लावायची हेच मला कळेना.

मी पुढं गेलो तेव्हा लोक खुशीत होते. पुढच्या बाकावरची माणसं सरसावून बसली. माझी साक्ष म्हणजे रंगणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मीही, खोटं कशाला सांगू, घरी आरशासमोर तालीम करून आलो होतो. हात कुठं उंचावायचा, कुठं थांबायचं, सगळं ठरलेलं. सलाम म्हटलं आणि त्यातलं एक वाक्य आठवेना.

मग मी साधंच बोललो. "मी त्या दिवशी रडलो हे खरं आहे. शुगर गेली म्हणून नाही रडलो. खूप दिवसांनी कुणीतरी डोक्यावर हात ठेवला म्हणून रडलो. शुगर होती तशीच आहे. माझ्या गोळ्या चालू आहेत. देव बरं करतो असं मी मानतो, मला अजून केलेलं नाही. माझ्याकडं बघून कुणी औषध सोडलं असेल, तर कृपा करून आज घरी गेल्यावर घ्या."

कुणी आमेन म्हणालं नाही. छताचा पंखा फिरताना टकटक करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग बायांच्या बाजूनं मावशीचा आवाज आला. मोठा नव्हता. "बस खाली," ती म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं.

मी खाली बसलो.

उपासना सुटल्यावर चपलांपाशी गर्दी होते, एरवी तिथंच सगळ्या गप्पा. त्या दिवशी एकजण म्हणाला, "काय भाऊ, साड्यांचे शेवटचे दोन दिवस संपले का? आता देवाचं दुकान बंद करून राह्यलात काय?" सगळे हसले. खरं सांगतो, वाक्य चांगलं होतं. माझं असतं तर मीही ते जपून ठेवलं असतं. दुसरा मात्र हसला नाही. "तुमची गेली न्हाई तर गप बसायचं. दुसऱ्याचा विश्वास कशाला मोडायचा?" त्याचं उत्तर होतं, पण त्याला मावशीचं नाव घ्यावं लागलं असतं.

मित्र ढोलकीला कपडा गुंडाळत होता. मी जवळ गेलो. त्यानं वर न बघता म्हटलं, "जा तू घरी."

पोरांनो, खरं बोलायला फार वेळ लागत नाही. माझं तर एका गाण्याच्या कडव्यापेक्षा कमी वेळात संपलं. मी मनात जी तयारी केली होती ती तेवढ्या वेळाची होती. त्याच्या पुढची तयारी मी केलीच नव्हती.

पुढं काय असतं ते सांगतो. आपल्यात सलाम म्हणतात ना, त्या सलामाचं काय काय होतं बघा. पहिल्या आठवड्यात तो तोंडातल्या तोंडात होतो, मग नुसती मान हलते, मग समोरच्या माणसाला नेमकं त्याच वेळी मोबाईलमध्ये काहीतरी दिसतं. मी शेवटच्या बाकावर बसायला लागलो. तो बाक तीन माणसांचा आहे. मी बसलो की एकट्याचा व्हायचा. नाताळच्या नाटकात दुष्ट राजाचं काम दरवर्षी माझं. लहान लेकरं माझं हसणं ऐकून आयांना बिलगायची, हे माझं आयुष्यातलं खरं यश. त्या वर्षी ते काम एका तरुण मुलाला दिलं. बिचारा उचकी लागल्यासारखा हसायचा. मी मागं बसून ओठ चावत होतो.

गुरुवार तर सगळ्यात वाईट. संध्याकाळ झाली की पाय चपलेकडं जायचे. मग खिचडी लावायची. एकदा खिचडी खात बसलो होतो आणि बाहेरून रिक्षा आली. माझाच आवाज, "या, सहकुटुंब या! लहान-थोरांना घेऊन या!" तो आवाज दारावरून गेला, गल्लीच्या टोकाला वळला, आणि मी एकटा घास हातात धरून बसलो होतो. हसू आलं. ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून लगेच विझलं.

मित्राचं म्हणाल तर तो दोन रविवार माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला होता. मित्र म्हणजे आपल्या बाजूनं उभा राहणारा, असं मी धरून चाललो होतो. आणि तो तर आपल्या आईच्या बाजूनं उभा होता.

तिसऱ्या रविवारी गाणी संपल्यावर त्यानं ढोलकी ठेवली, मागं आला आणि म्हणाला, "सरक." मी सरकलो. प्रवचन होईपर्यंत तो शेजारी बसला. मग हळूच म्हणाला, "मला अजून वाटतं, चर्चमधी बोलायला नको होतं."

"मग इथं कशाला बसलास?"

"बसायला काय, तुझं पटायलाच पाहिजे का?"

त्याच्यावर मी फार विचार केला आहे. त्या वेळी फक्त एवढंच कळलं की बाकाच्या त्या बाजूला वजन आल्यावर बाक डुगडुगायचा थांबला.

नाताळच्या आधी गाणी गाणाऱ्यांचा ताफा घरोघर निघतो. आमच्या गल्लीत ते दिवेलागणीलाच येतात, कारण गल्ली गावाच्या कडेला, सुरुवात इथूनच. मी केक आणला होता, चहाचं आधण ठेवलं होतं. येतील की नाही माहीत नव्हतं, पण आले आणि केक नसला तर? शेजारच्या दारात गाणं झालं. मी दिवा लावून उभा राहिलो. मग पावलं वाजली, कंदील हलला, आणि ताफा माझ्या फाटकावरून पुढं गेला. कुणी वाईट वागलं नाही. गाणंच तिथून पुढं सुरू झालं.

थोड्या वेळानं गाण्यातली ढोलकी बंद पडली. नुसत्या टाळ्या ऐकू यायला लागल्या, त्याही एकमेकींना चुकवत. मग फाटक वाजलं. मित्र ढोलकी काखेत घेऊन आत आला आणि जमिनीवर बसला.

"केक हाय का?"

मी केक दिला. त्यानं खाल्ला, दुसरा तुकडा मागितला नाही, आणि मला कळलं की हा नुसता केक खायला आलेला नाही.

"आईला काल जालन्याला नेल्तं," तो म्हणाला. "पायाला जखम झाली. बरी होत न्हाई. रात्रंदिवस पाणी पिऊन राह्यली. डॉक्टर माझ्यावरच ओरडला. म्हणला, जल्दी सुई चालू करा, न्हाईतर पाय ठेवता येणार न्हाई."

"मग? चालू केली?"

"घ्यायला तयार झाली. पण घरात घेत न्हाई. घरात दिवसभर बाया येत्यात प्रार्थनेला, फ्रिज उघडत्यात, पाणी घेत्यात. बाटली दिसली तर? म्हणती, मंडळीला काय तोंड दाखवू? त्यापेक्षा पाय गेलेला बरा म्हणती."

"मग कुठं घेणार?"

त्यानं माझ्या फ्रिजकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्याला अवघड वाटत होतं, पण हसूही आवरत नव्हतं.

"तुझ्याकडं तर कुणी येतच न्हाई ना," तो म्हणाला.

मी इतका हसलो की शेवटी त्यानं पाणी दिलं. अख्ख्या मंडळीत एकच घर असं उरलं होतं जिथं कुणी पाऊल टाकणार नव्हतं, आणि मावशीचा पाय वाचवायला नेमकं तेच उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या गाडीवर मागं बसून ती आली. डोक्यावरून शाल, हातात रिकामा डबा, म्हणजे कुणी विचारलं तर कशाला तरी चालल्यासारखं. माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली, ओट्याकडं तोंड करून सुई घेतली, बाटली फ्रिजच्या दारात ठेवली आणि गेली. रोज सकाळी असंच. मित्र दारात उभा राहून गल्लीकडं लक्ष ठेवायचा. रविवारी चर्चमध्ये ती माझ्यावरून नजर अशी फिरवायची की जणू तिथं भिंत आहे.

आणि माझी काय पंचाईत झाली बघा. ज्यानं सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं धाडस केलं, त्यालाच आता तोंडाला कुलूप. मंडळीत मावशीच्या विश्वासाची उदाहरणं दिली जात होती, आणि त्या उदाहरणाची बाटली माझ्या लोणच्याशेजारी. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "मावशींचा पाय बराच सुधारला म्हणे?" मी म्हणालो, "त्यांनाच विचारा." माझी शुगर माझी होती, ती सांगायचा हक्क मला होता. तिची सांगायचा नव्हता. हे मित्रानं मला दुकानात समजावलं होतं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

एके दिवशी ती ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मग सुई माझ्याकडं धरली.

"किती भरलं बघ. मला दिसंना."

"बराबर आहे."

तिनं सुई घेतली. पदर नीट केला. "तू त्या दिवशी चांगलं केलं असं मी म्हणणार न्हाई."

"नको म्हणूस."

"बायांनी मला कसं बघितलं तुला काय माहीत."

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला वाटलं होतं तू रागानं तरी सुई घेशील."

ती बसली. पहिल्यांदाच. "तुझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला न्हाई म्हणून रडला ना तू?" ती म्हणाली. "मंग दर गुरुवारी येत होता, मला का सांगितलं न्हाई? मी काय फक्त भाकरी थापायला होते?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. डबा उचलला आणि गेली.

ईस्टर झाल्यावर बायांच्या प्रार्थनेत एका तरुण सुनेनं सांगितलं की मावशींचं बघून तिनं सासऱ्यांची शुगरची गोळी बंद केली आहे. मी तिथं नव्हतो, मित्रानं सांगितलं तेच सांगतो. मावशी उठली, बाही वर केली, दंडावरच्या सुईच्या खुणा त्या सुनेला दाखवल्या आणि म्हणाली, "रोज घेते. आज सकाळीबी घेतली. जा, आधी गोळी दे त्याला, मंग प्रार्थनेला ये." मग खाली बसून स्वतःच गाणं सुरू केलं, म्हणून कुणाला काही विचारता आलं नाही. काही बाया त्यानंतर तिच्याकडं येईनाशा झाल्या. काही जास्तच यायला लागल्या.

संध्याकाळी मित्र बाटली न्यायला आला. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, तिचा फ्रिज तिला मोकळा होता. मी बाटली ओल्या रुमालात गुंडाळून दिली.

"खूश हो की," तो म्हणाला. "बिलकुल तुला पाहिजे होतं तसं झालं."

"झालं खरं," मी म्हणालो. "पण सकाळी कुणीतरी यायचं रे."

"तेवढ्यासाठी आईची बाटली तुझ्याकडं ठेवू काय?"

आम्ही हसलो. तो गेला. मंडळीत काही जण अजूनही मला सलाम करत नाहीत, आणि ते करतील असं मला वाटत नाही. त्या रात्री मी ते मोजत बसलो नाही, पण फ्रिजचं दार उगीचच दोनदा उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला दारात गाडी थांबली. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

"काय रे, काही राहिलं का?"

"काही न्हाई," तो चप्पल काढत म्हणाला. "दुकान उघडायला टाइम हाय अजून."